ओल मोजण्याचे दिवस

हिवाळा म्हटलं की जगातल्या पुष्कळशा वाङ्मयात अंधार येतो. उत्तर युरोपात डिसेंबरमध्ये दुपारी तीन-साडेतीनलाच दिवे लावावे लागतात. माणसं खिडकीत मेणबत्त्या ठेवतात आणि वसंताची वाट पाहतात. तिथे वसंत म्हणजे उजेडाचं परत येणं. शाळेच्या पुस्तकांतून ही कल्पना आपल्याकडेही आली आणि हिवाळा निराशेचा, वसंत आशेचा, असं आपण सहज बोलून जायला लागलो.

मुकुंदवाडीत बसून मात्र हा हिशेब जुळत नाही. आपलं शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम वीस अंशांवर आहे. बावीस डिसेंबरचा सर्वांत लहान दिवससुद्धा आपल्याकडे जवळजवळ अकरा तासांचा असतो. उलट हे आपले सुखाचे दिवस. सकाळची कोवळी उन्हं, हातगाडीवरचे पेरू, बोरं, आणि कुणाच्या शेतावरून निरोप आला तर हुरडा. सूर्य हरवला म्हणून मराठवाड्यातला माणूस कधी खचला नाही. आपल्याकडे सूर्य नको तेवढा आहे.

आणि वसंताचं म्हणाल, तर चैत्रात कडुनिंबाला कोवळी पालवी येते, रानात पळस पेटतो, सगळं खरं. पण तो वसंत झाडांचा. विहिरीला त्या दिवसांत पालवी फुटत नाही. होळीपासून मृगापर्यंतचे दिवस हे आपल्याकडे सर्वांत कठीण. नवं आयुष्य सुरू होतं ते सात जूनच्या आसपास, मृग नक्षत्र लागल्यावर. म्हणून मराठवाड्यातला हिवाळा हा वाट पाहण्याचा ऋतू खराच, पण ही वाट उजेडाची नाही, पाण्याची आहे. पाणी पुरेल की नाही हे हिवाळ्यातच कळतं. आपल्या हिवाळ्याचा अंधार कुठे शोधायचाच असेल, तर तो जमिनीखाली शोधावा लागतो.

शहरात वाढलेल्या पिढीसाठी थोडं शेतीचं सांगतो. रब्बीची ज्वारी, जिला आपण शाळू म्हणतो, ती पावसावर वाढत नाही. ती पेरतात पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. हस्ताचा पाऊस, म्हणजे आपल्या बोलीतला हत्तीचा पाऊस, तो मुली हादगा खेळतात त्याच दिवसांत पडतो. काळ्या भारी जमिनीत तो मुरतो. त्यानंतर आभाळ कोरडं. पुढचे चार-साडेचार महिने हे पीक त्या मुरलेल्या ओलीवर वाढतं. वरची माती वाळत जाते तशी मुळं खाली खाली जातात. मालदांडी, म्हणजे एम-३५-१ हे वाण आज कित्येक दशकं शेतकऱ्यांनी सोडलेलं नाही, कारण कमी ओलीत तग धरण्याची त्याची ताकद मोठी आहे. पौषात कणीस भरतं आणि फाल्गुनाच्या आसपास काढणी होते.

या पिकाने आपल्या माणसांची आशेची कल्पना घडवली असं मला वाटतं. हिवाळ्यात आभाळाकडे पाहून काही उपयोग नसतो. जे काही आहे ते आधीच जमिनीत साठलेलं असतं. शेतकरी वीतभर माती उकरतो, मूठ दाबून बघतो, लाडू होतो का पाहतो. ओल आहे म्हणजे आशा आहे. लातूर, धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळा अमावस्या करतात, बोलीत तिला येळवस म्हणतात. ऐन थंडीतला चंद्र नसलेला दिवस, आणि गावंच्या गावं त्या दिवशी शेतात जातात. कडब्याची कोपी उभी करतात, तिच्यात चुन्याने रंगवलेल्या दगडांचे पांडव मांडतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि ओळखी-अनोळखी सगळ्यांना भज्जी-भाकरीला बसवतात. अंधाऱ्या रात्रीचा सण उभ्या पिकात करायचा, हे त्या शेतातल्या ओलीवरच्या विश्वासामुळे. पीकच नसेल तर हा सण कुठे करणार?

असा एक हिवाळा येऊन गेला. तो १९७२-७३ चा. आजही आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'बहात्तर' एवढं म्हटलं की पुरतं. पुढे दुष्काळ हा शब्द जोडावा लागत नाही.

त्याआधीची दोन वर्षंही राज्याच्या बऱ्याच भागांत हलाखीचीच गेली होती. १९७२ मध्ये देशभरातच मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी कमी पडला, आणि मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं सर्वांत वाईट आलं. हे एकट्या आपल्याच नशिबात नव्हतं. प्रशांत महासागराचं पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा गरम झालं होतं. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो, तोच तो प्रकार. तिकडे पेरूच्या किनाऱ्यावरची मासेमारी बसली, सोव्हिएत रशियाचं पीक गेलं आणि रशियाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य उचललं. जगभर धान्याचे भाव चढले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या ते हेच वर्ष. पण मुंबईत भाव चढले तरी दुकानात धान्य होतं. औरंगाबाद, बीड, उस्मानाबादकडे प्रश्न होता की धान्य घ्यायला पैसा कुठून आणायचा. खरीप गेलेलं, हस्त कोरडा गेलेला आणि रब्बीची पेरणी करायला जमिनीत ओलच नाही. शेतात काम नाही म्हणजे मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणजे चूल नाही.

डोळ्यांसमोर आणून बघा. पौष महिना, थंडी पडलेली आणि शिवारात हिरवा ठिपका नाही. कडबा नाही, म्हणून जनावरं मिळेल त्या भावाने बाजारात. विहिरींचे तळ दिसायला लागलेले. आणि पुढचा मृग अजून पाच-सहा महिने लांब. जुन्या काळी अशाच वेळी माणसं गाव सोडून निघायची आणि वाटेत मरायची. १६३० ते ३२ च्या दख्खनच्या दुष्काळात हेच झालं. तुकोबांच्या घरावर जो आघात झाला तोही याच दुष्काळाचा. बहात्तरच्या हिवाळ्यात अंधार होता तो हा, पुढचं काही न दिसण्याचा.

मुकुंदवाडीतल्या एका आजींना मी विचारलं होतं की त्या हिवाळ्यात तुम्हाला कशाची आशा होती. त्या म्हणाल्या, "आशा कसली बाबा? हजेरी होती."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. हजेरी म्हणजे कामावरचा हजेरीपट. त्या हिवाळ्यात सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध आणि सगळ्यांच्या आठवणीत राहिलेली खडी. मैलोन्‌मैल रस्त्याच्या कडेला बसून बाया-माणसं हातोडीने दगड फोडत होती. सकाळच्या गारठ्यात दगडाला हात लावला तरी चटका बसावा असा तो गार. बोटांना चिंध्या बांधायच्या, लेकरू झोळीत टाकायचं आणि ढिगावर बसायचं. मोजमाप व्हायचं, हजेरीपटावर अंगठा व्हायचा आणि पगार हातात पडायचा. कामावर सुकडी वाटली जायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी शाळूच्या भाकरीची चव जाणणाऱ्यांना नकोशी वाटायची, पण पोट भरायचं.

या कामांवर किती माणसं होती? मे १९७३ मध्ये, कामं शिगेला पोचली तेव्हा, राज्यभरातल्या मजुरांचा आकडा ५० लाखांच्या जवळ गेला होता. त्यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. सगळं सुरळीत होतं असं म्हणायचं कारण नाही. पगार थकायचे, मोजमापात कमी धरलं जायचं, काम लांब असायचं. मग मजूर तहसीलवर मोर्चे न्यायचे, घेराव घालायचे. काम द्या, पुरी मजुरी द्या, ही मागणी त्या काळात गावोगाव उठली. मिळेल ते मुकाट घेणारी माणसं राहिली नव्हती ती. पीक एवढं बुडूनही जुन्या दुष्काळांत पडला तसा मृत्यूंचा सडा पडला नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला आणि मोठं संकट टाळता आल्याचं उदाहरण म्हणून जगापुढे ठेवला. माणसाच्या हाताला काम आणि त्या कामाचा पैसा मिळाला, तर धान्य त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट निघते, हा त्यातला धडा.

१९७३ चा पावसाळा चांगला झाला. शेतं पुन्हा पेरली गेली. पण त्या हिवाळ्याने मागे जे ठेवलं ते पावसाबरोबर वाहून गेलं नाही. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात, मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, ही कल्पना बरीच आधीपासून होती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोगही झाला होता. बहात्तरच्या दुष्काळाने ही कल्पना राज्यभर नेली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. दुष्काळात सरकार काम देतं ही दया होती. कायद्याने तो हक्क झाला. पुढे २००५ मध्ये संसदेने देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. आणखी एक सांगतो. नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कर नावाची एक ओळ असते. आपल्यापैकी अनेकांनी ती कापली जाताना पाहिली आहे, पण ती का आली हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७५ मध्ये हा कर लागला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हिवाळ्याचा थोडा भार उचलायचा, अशी ती व्यवस्था होती.

दुसरी गोष्ट हातपंपाची. आपल्या पायाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. त्यात पाणी साठतं ते फटींत, भेगांत. त्या वर्षांत खडक फोडून खोल जाणारी बोअरची यंत्रं आली. बोअर घेता येऊ लागलं, पण गावात टिकेल असा पंप नव्हता. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप शेकडो माणसांच्या रोजच्या उपशाने मोडून पडायचे. तेव्हा जालन्यात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यातच, मिशनच्या विहीर खोदणाऱ्या मंडळींनी एक मजबूत पंप बनवला. जालना पंप असंच त्याचं नाव पडलं. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. सोलापूरच्या त्या नमुन्यावरून युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला आणि आफ्रिकेतल्या कोरड्या देशांपर्यंत पोचला. आज तिकडच्या एखाद्या गावात बाई पंप हापसत असेल, तर त्या दांड्याचं मूळ जालना-सोलापूरच्या दुष्काळी शिवारात आहे.

तिसरी गोष्ट जायकवाडीची. या धरणाची कल्पना निजामाच्या काळातली, बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. धरण पुढे पैठणला झालं, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. बहात्तरच्या हिवाळ्यात ते पुरं झालेलं नव्हतं. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. हे पाणी फुकट आलेलं नाही. त्याच्यासाठी शंभराहून अधिक गावांची घरं, देवळं, काळीभोर शिवारं पाण्याखाली गेली. आपण पैठणला नाथसागराच्या काठी उभे राहतो तेव्हा त्या गावांची आठवण ठेवायला हवी. एका मुलखाचा हिवाळा सुसह्य व्हावा म्हणून त्यांनी आपला कायमचा दिला.

याच काळात आपली मुकुंदवाडीही बदलली. जालना रस्त्याकडेचं हे खेडं. शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत साठच्या दशकात उभी राहू लागली होती. आणि नवं औरंगाबाद वसवण्याचं काम सिडकोकडे आलं तेही १९७२ मध्येच. आसपासच्या तालुक्यांतून काम शोधत आलेली माणसं या बाजूला टेकली. ज्या शिवारात ज्वारी उभी राहायची तिथे खोल्या उभ्या राहिल्या. गारठ्यात खडी फोडलेल्या हातांची मुलं कारखान्यांत कामाला लागली, नातवंडं कॉलेजात गेली. बहात्तरच्या माणसांना ज्या मृगाची वाट होती तो हाच, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच होईल. २०१९ च्या उन्हाळ्यात याच मुकुंदवाडीतल्या वस्तीतली लहान मुलं रिकामी भांडी घेऊन रेल्वेत बसत होती. पुढच्या स्टेशनवर, म्हणजे शहराच्या मुख्य स्टेशनवर उतरायचं, नळावर भांडी भरायची आणि परतीच्या गाडीने घरी यायचं. गाडीला उशीर झाला की घरातलं पाणीही उशिरा. त्या मुलांची छायाचित्रं जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. त्याच्या तीन वर्षं आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरला गाडी पाणी घेऊन आली. मुकुंदवाडीत लेकरांनाच गाडीतून पाण्यापर्यंत जावं लागलं.

ज्या मराठवाड्याने जगाला हातपंपाचा नमुना दिला, ज्याच्या उशाला एवढं धरण आहे, तिथे हे का व्हावं? एक कारण वाटपाचं आहे. धरणात पाणी असणं आणि वस्तीतल्या नळाला ते येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं कारण आपल्या उपशाचं. शंभर-दीडशे फुटांवर लागणारं पाणी गेलं तेव्हा आपण तीनशे फूट गेलो, मग पाचशे, मग आणखी खाली. जे यंत्र दुष्काळात तहान भागवायला आलं, त्याने पुढे शेकडो वर्षांत खडकात मुरलेली ओल काही दशकांत वर काढली. शाळूचं मूळ ओल असेल तेवढंच खाली जातं. आपल्या बोअरला असा धरबंध राहिला नाही.

म्हणून हिवाळ्याबद्दल आज बोलावंसं वाटलं. दुष्काळावर बोलायची आपली वेळ एप्रिल-मे. टँकर फिरायला लागले, धरणाचा साठा बातम्यांत यायला लागला की आपण जागे होतो. तोपर्यंत करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. यातली जानेवारीची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेव्हा हवा गार असते, बाजार भाज्यांनी भरलेला असतो, कुणाच्या मनात पाण्याचा विचार नसतो. पण मेमध्ये काय होणार ते त्या नोंदीत लिहिलेलं असतं. आणि त्या वेळी हातात चार महिने असतात. कुठलं पीक घ्यायचं, कुठला उपसा थांबवायचा, कुठल्या वस्तीला जलवाहिनी नाही, कुठला तलाव गाळाने भरलाय, हे सगळं तेव्हा ठरवता येतं.

बहात्तरच्या माणसांकडून घेण्यासारखं हेच आहे. त्यांनी मृगाची वाट पाहिली, पण हात बांधून नाही. त्या गारठ्यात बांधलेल्या पाझर तलावांपैकी काहींत आजही पावसाळ्यानंतर पाणी असतं. पुढच्या पावसाचा भरवसा नसताना, तो पडला तर मुरावा कुठे याची सोय त्यांनी करून ठेवली. त्यांना कुणी आशावादी म्हटलं असतं तर ती माणसं हसली असती. ती हजेरी लावत होती.

या दिवसांत कुणाच्या शेतावर हुरड्याला गेलात, तर आगटीभोवतीच्या गप्पा झाल्यावर विहिरीपर्यंत चक्कर मारून या. वाकून बघा पाणी किती हातांवर आहे, आणि मालकाला विचारा, गेल्या वर्षी याच दिवसांत किती होतं. शहरात राहत असाल तर आपल्या इमारतीच्या बोअरबद्दल हाच प्रश्न विचारा. उत्तर मिळेल ते कुठेतरी तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढच्या पौषात पुन्हा मोजा.